बिल्ड टूलमध्ये लुआ ही स्क्रिप्ट भाषा बसवली, आता काही न बदलता सगळं पुन्हा कंपाइल होतंय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीत आमचं दोघांचं छोटं काम आहे. आंबा बागायतदारांसाठी पेट्यांचा हिशेब आणि लेबल छापायचं सॉफ्टवेअर, सी++ मधलं. गिऱ्हाइकागणिक थोडा फरक: कुणाची लाकडी पेटी, कुणाचा डझनाचा बॉक्स, ज्यांची हापूसची जीआय नोंदणी झालीय त्यांचं लेबल निराळं. त्यामुळे एकाच कोडची अकरा बिल्डं काढावी लागतात.

त्यासाठीचं बिल्ड टूल, म्हणजे कोड कंपाइल करून प्रोग्राम बांधणारं, मीच लिहिलंय. (मेक हे नेहमीचं टूल का नाही, असं विचारू नका. टॅब आणि स्पेसच्या घोळात माझा एक अख्खा शिमगा गेलाय.) आधी साधी 'नाव = किंमत' अशी फाइल होती. मग त्यात 'जर' आलं, मग लूप, मग लूपमध्ये 'जर'. दोन वर्षांत अशी अर्धीकच्ची भाषा झाली की तिचे नियम मलाच आठवेनात. शेवटी तयार भाषाच आत बसवायची ठरवलं. पायथन टाळलं, कारण इथे पावसात लाइट आणि नेट एकदमच जातात. लागेल ते सगळं सोर्सच्या फोल्डरातच हवं. लुआ ५.४ लहान आहे, साध्या सी मध्ये आहे, आमच्या कोडबरोबरच कंपाइल होते.

आता दुखणं. स्क्रिप्टमध्ये मॅक्रोंचं (कंपायलरला द्यायच्या नाव-किंमत जोड्यांचं) एक टेबल आहे. त्यावर 'पेअर्स' (टेबलातल्या नोंदी एकेक देणारं लुआचं फंक्शन) फिरवून मी कंपायलरची कमांड जुळवतो आणि तिचा हॅश (मजकुरावरून काढलेला छोटा ठसा) साठवतो. हॅश बदलला की फाइल पुन्हा कंपाइल. पण एका अक्षराला हात न लावता दुसऱ्यांदा चालवलं तरी बहुतेक वेळा सगळं नव्याने सुरू! कमांड छापून पाहिली तर मॅक्रो तेच, क्रम वेगळा. हा लुआचा बग आहे का?

दुसरं म्हणजे, पार्टनरने स्क्रिप्टमध्ये आजची तारीख घेऊन मॅक्रोत टाकली होती, म्हणजे रोज हॅश बदलणार. असलं बंद कसं करायचं?

प्रतिसाद १

बग नाही. 'पेअर्स' कुठल्याही क्रमाची हमी देत नाही. ५.४ मध्ये लुआचं स्टेट (चालू प्रत) तयार होताना स्ट्रिंगच्या हॅशसाठी एक बीज घेतलं जातं, ते वेळ आणि मेमरीतले पत्ते यांवरून ठरतं. म्हणून दर वेळी क्रम निराळा. टेबलातल्या किल्ल्या (मॅक्रोंची नावं) गोळा करून 'टेबल.सॉर्ट' करा, मगच कमांड जुळवा.

पण सरसकट सॉर्ट करू नका हं. इन्क्लूडचे पाथ आणि लिंक करायच्या लायब्ऱ्या यांत क्रमालाच अर्थ असतो. त्या यादी म्हणून लिहायला लावा आणि 'आयपेअर्स'ने फिरा, ते यादीच्या क्रमानेच जातं.

प्रतिसाद २

लुआच्या सगळ्या लायब्ऱ्या एका फटक्यात उघडणारं फंक्शन वापरलंत ना? ते काढा. बेस, टेबल आणि स्ट्रिंग एवढ्याच एकेक करून उघडा. तारीख देणारी 'ओएस' आणि फाइली वाचणारी 'आयओ' नकोतच. बेसमध्येही बाहेरची फाइल उघडणारे 'डूफाइल' आणि 'लोडफाइल' लपलेले असतात, त्यांना 'निल' (रिकामं) करा. तारीख लागलीच तर सी++ कडून द्या, म्हणजे ती कुठून येते ते तुमच्या हातात राहतं.

बेझल या बिल्ड टूलची स्टारलार्क भाषा याच कारणाने आखूड ठेवलीय: 'व्हाइल' लूप नाही, रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) नाही, आणि डिक्शनरीत ज्या क्रमाने घालाल त्याच क्रमाने बाहेर येतं. मेसॉन या दुसऱ्या बिल्ड टूलमध्ये तर स्वतःचं फंक्शनही लिहिता येत नाही. उलट टोक म्हणजे ग्नू मेक: २०१३ च्या ४.० आवृत्तीत त्यांनी गाइल ही अख्खी प्रोग्रामिंग भाषा आत घेतली.

धागाकर्ता

मॅक्रो सॉर्ट केले, लायब्ऱ्यांची यादी केली. दुसऱ्या वेळी चालवलं आणि 'करण्यासारखं काही नाही' असं आलं! हा संदेश मीच लिहिला होता, पहिल्यांदाच दिसला.

एक शेपूट राहिलंय. स्क्रिप्टमध्ये चूक असली की माझ्या सी++ फंक्शनमधून लुआचा एरर फेकतो. तेव्हा तिथल्या स्ट्रिंगांची मेमरी सुटत नाहीये.

प्रतिसाद १

लुआ सी म्हणून कंपाइल केलीत तर एरर 'लाँगजंप'ने (थेट उडी मारून) जातो, वाटेतले डिस्ट्रक्टर, म्हणजे मेमरी सोडणारी फंक्शनं, चालत नाहीत. लुआचा तोच कोड सी++ कंपायलरने बांधा, मग लुआ सी++ चे एक्सेप्शन वापरते आणि डिस्ट्रक्टर चालतात. फक्त मग लुआचं एचपीपी हेडर (सी++ साठीची फाइल) घेऊ नका, साधं एच घ्या, नाहीतर लिंक करताना नावं जुळणार नाहीत.

धागाकर्ता

आज रात्रीच बघतो, लाइट राहिली तर.