नेक्सॉन ईव्ही (जून 2021) विकायची आहे: एक्स्चेंजला द्यावी की थेट ग्राहकाला?

पौडफाटा
नेक्सॉन ईव्ही, एक्सझेड प्लस, 30.2 युनिटची बॅटरी. नोंदणी जून 2021, एमएच 12, पहिला मालक, 52 हजार किमी, कर्ज अजून चार महिन्यांचं बाकी. नवी ईव्हीच घ्यायची आहे. शोरूमवाले 5.75 लाख अधिक 50 हजार एक्स्चेंज बोनस म्हणतात. एका ऑनलाइन कंपनीने फोटो बघून 6.40 सांगितले, प्रत्यक्ष पाहणीनंतर 5.95 वर आले. पूर्ण चार्जला आता 190 ते 200 किमी मिळतात. काही वेळा चार्जचा आकडा 18 टक्क्यांवरून एकदम 9 वर पडतो. प्रश्न तीन: भाव बरोबर आहे का, विकण्याआधी कशावर खर्च करावा, आणि बॅटरी ठीक आहे हे समोरच्याला कसं पटवून द्यायचं?

किलोवॅट
तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्या दोघांची उत्तरं त्यातच आहेत. जुनी ईव्ही घेणारा बॅटरीच्या भीतीचे पैसे कापतो. ती भीती कागदाने जेवढी कमी कराल, तेवढा भाव वर जाईल.

आधी तो 18 वरून 9 चा प्रकार. तुमच्या बॅटरी पॅकमध्ये एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल आहेत. यांचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतो, त्यामुळे किती चार्ज उरला हे बीएमएसला (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेला) व्होल्टेजवरून नीट कळत नाही. ती आत-बाहेर गेलेला करंट मोजून हिशेब ठेवते आणि हा हिशेब हळूहळू चुकत जातो. वरचेवर 40 ते 80 मध्येच चार्ज केलं किंवा सतत डीसी फास्ट चार्जर वापरला की चूक साठते. मग खाली आल्यावर खरा व्होल्टेज दिसतो आणि आकडा धाडकन पडतो. ग्राहकाच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये असं झालं तर सौदा तिथेच संपला.

उपाय फुकटचा आहे. गाडी 10 ते 15 टक्क्यांपर्यंत खाली आणा, घरच्या 15 अँपिअरच्या सॉकेटवर 100 पर्यंत चार्ज करा, आणि 100 दिसल्यावरही गन (चार्जिंगचा प्लग) काढू नका, आणखी दोन-तीन तास तशीच राहू द्या. सेल एकमेकांच्या पातळीवर येण्याचं काम या शेवटच्या टप्प्यातच होतं. असं लागोपाठ तीनदा करा. त्यानंतरही उडी राहिली तर एखादा सेल खरोखर कमजोर असेल. तो वॉरंटीत बदलून घ्यायचा आहे, विकण्यापूर्वी, नंतर नाही.

आता मोजमाप. सॉकेटच्या लाइनवर साधा सबमीटर बसवा. समजा 15 टक्क्यांवरून 100 होईपर्यंत मीटरवर 26.5 युनिट पडले. एसी चार्जिंगमध्ये साधारण 12 टक्के वाया जातात असं धरलं तर पॅकमध्ये 23.3 गेले. ही 85 टक्क्यांची भर, म्हणजे पूर्ण पॅक 27.4 युनिटचा. त्याला 30.2 ने भागा: जवळपास 91 टक्के. हा अंदाज आहे, दोन-तीन टक्के इकडेतिकडे होणारच. पण मीटरचे सुरुवातीचे आणि शेवटचे आकडे व डॅशबोर्ड यांचे फोटो दाखवले की ग्राहकाच्या चेहऱ्यात फरक पडतो. त्याच्या जोडीला अधिकृत वर्कशॉपमधून बॅटरीच्या आरोग्याचा रिपोर्ट घ्या, गाडीचा चासी नंबर आणि तारीख असलेला. तोंडी ‘सगळं ओके आहे साहेब’ला बाजारात शून्य किंमत.

मिलिव्होल्ट
किलोवॅट यांच्या रिपोर्टबद्दल एक भर. फक्त ‘एसओएच 92 टक्के’ (एसओएच म्हणजे बॅटरीचं आरोग्य) एवढंच लिहून घेऊ नका. सर्वात जास्त आणि सर्वात कमी सेल व्होल्टेज किती आहे तेही मागा, आणि मोजणी चार्ज 50 टक्क्यांच्या आसपास असताना करा. तिथे निरोगी पॅकमध्ये फरक साधारण 20-30 मिलिव्होल्टच्या आत असतो. 99 टक्क्यांवर मोजलं तर चांगल्या पॅकमध्येही फरक मोठा दिसतो आणि उगाच घाबरगुंडी होते.

12 व्होल्टची साधी बॅटरी बघा. मोठा पॅक ठणठणीत असला तरी ही लहान बॅटरी थकली की गाडी ‘रेडी’वर येत नाही, डॅशबोर्डवर चार-पाच दिवे एकदम लागतात, आणि बघणारा म्हणतो ‘मोटर गेली’. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी मल्टिमीटर लावा. 12.4 च्या खाली असेल तर बदलूनच टाका. खर्च चार-सहा हजार, पण पाहणीत एकही दिवा लागता कामा नये.

स्कॅनरने जुने फॉल्ट कोड वाचून घ्या. नुसते पुसू नका, कारण दूर करा. पावसाळ्यात आलेला इन्सुलेशनचा इशारा पुसला तर पुढच्या पावसात परत येतो, आणि तोवर गाडी नव्या मालकाकडे असते. मग फोन तुम्हालाच.

एजंटकाका
वरच्या दोघांनी गाडी बघितली, मी पैसा बघतो.

पहिली गोष्ट: 2021 ला किती मोजले ते विसरा. हीच नेक्सॉन ईव्ही जानेवारी 2020 ला 13.99 लाखांना आली होती. 2025 मध्ये नवी, जास्त रेंजची, 12.49 लाखांपासून सुरू होत होती. 2024 मध्ये फेब्रुवारीत आणि पुन्हा सप्टेंबरमध्ये कंपनीने भाव उतरवले. जुनीचा भाव नेहमी आजच्या नवीच्या भावाखालून मोजतात. भरीस भर, 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 झाला, ईव्हीचा 5 तसाच राहिला. म्हणजे पेट्रोलवालाही तुमच्या ग्राहकाला ओढतोय. 5.75 लुटीचा भाव नाही, पण शेवटचाही नाही.

दुसरी: एक्स्चेंजचे तीन आकडे वेगवेगळे लिहून मागा. जुनी गाडी दिली नाही तर नव्यावर रोख सूट किती? जुनी दिली तर सूट किती? आणि बोनस किती? समजा नुसत्या खरेदीवर 60 हजार सूट आहे, एक्स्चेंज केलं की ती 20 हजारांवर येते आणि वर 50 हजार बोनस मिळतो. मग बोनस खरा 10 हजारांचा. तुमची गाडी 5.85 ला गेली, 6.25 ला नाही. ही हिशेबाची गंमत बहुतेकांच्या सही झाल्यावर लक्षात येते.

तिसरी: डीलरला मार्जिनवर, म्हणजे खरेदी-विक्रीतल्या फरकावर, जीएसटी भरावा लागतो. जानेवारी 2025 पासून जुन्या ईव्हीसाठी तो 12 वरून 18 टक्के झाला. एक लाख मार्जिनवर अठरा हजार. तो खर्च, दुरुस्ती, गाडी पडून राहण्याचं व्याज, सगळं तुमच्या भावातून जातं. थेट ग्राहकाला विकताना व्यक्ती-व्यक्तीमध्ये जीएसटी नाही. गाडी धंद्याच्या नावावर असेल आणि घसारा दाखवला असेल तर गोष्ट वेगळी, सीएला विचारा.

म्हणून क्रम असा: रिपोर्ट हातात आला की तीन आठवडे थेट विकायला लावा, मागणी 6.70, तळ 6.30. तोवर ऑनलाइनवाल्यांचा 5.95 लिहून ठेवा, त्यांचा भाव बहुधा काही दिवसच टिकतो. नाही जमलं तर एक्स्चेंज आहेच. पण 31 डिसेंबर ओलांडू देऊ नका. जानेवारीत गाडी कागदावर एक वर्षाने म्हातारी होते, मीटर एक किमीही न फिरता.

आणि ऑनलाइनवाल्यांनी 45 हजार उतरवले ते कशाकशाचे, हे पाहणी करणाऱ्याकडून लिहून घ्या. टायर, ओरखडे, 12 व्होल्ट असं सुटं करून. जे खरं असेल ते दुरुस्त करून पुन्हा पाहणी मागा.

पौडफाटा
सबमीटर आजच आणतो. टायर 215/60 आर16, मूळचेच, अंदाजे 3 मिमी खोली उरली आहे. चारही बदलू का? उजव्या मागच्या दारावर घसटण आहे, ते रंगवून घेऊ का?

मिलिव्होल्ट
टायर नको. 3 मिमीवर ग्राहक घासाघीस करेल, पण नव्या सेटचा पूर्ण खर्च वसूल होत नाही. खाचेतल्या निर्देशक पट्टीपर्यंत, म्हणजे 1.6 मिमीपर्यंत घासले असते तर गोष्ट वेगळी. मात्र चारही एकाच कंपनीचे आणि एकाच जातीचे असावेत. एक वेगळा दिसला की लोक अपघात शोधायला लागतात.

दार रंगवू नका. पाहणीवाल्याकडे रंगाची जाडी मोजायचं यंत्र असतं. कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन. 200 च्या वर दिसलं की ‘दार ठोकलंय’ अशी नोंद, आणि कापतात ते घसटणीपेक्षा जास्त. रबिंग-पॉलिश आणि आतली सफाई करा, बस्स.

गाडी रॅम्पवर चढवून पॅकच्या खालच्या कवचाचे चार बाजूंनी फोटो मात्र काढा. आपल्याकडच्या स्पीडब्रेकरची उंची पॅकला आधी कळते. कवचाला खोल पोचा असेल तर वॉरंटीचा दावा अडकू शकतो. नसेल तर तोच फोटो जाहिरातीत पहिला लावा, ही बाजू कुणी दाखवत नाही.

एजंटकाका
कागद आत्तापासून हलवा, नाहीतर ग्राहक मिळूनही अडाल.

कर्ज: चार महिने थांबू नका, बंद करून टाका. बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 घेऊन आरसीवरचा बोजा (बँकेच्या कर्जाची नोंद) उतरवा. बोजा असताना नाव बदलत नाही. एनओसीला मुदत असते, ती बघा. सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर तुमचा चालू मोबाइल नंबर आहे ना, हेही तपासा. ओटीपी जुन्या सिमवर गेला की सगळं ठप्प.

हस्तांतर: थेट ग्राहकाला विकलीत तर फॉर्म 29 दोन प्रती आणि फॉर्म 30. राज्याबाहेर, म्हणजे गोव्याला किंवा बेळगावला जाणार असेल तर फॉर्म 28 ची एनओसी, आणि तिथला रस्ता कर कोण भरणार ते आधी लिहून घ्या. महाराष्ट्रात करमाफी मिळाली म्हणून ती सगळीकडे सोबत जात नाही. डीलरला दिली तर तो आरटीओकडे अधिकृत आहे का बघा आणि ताबा देताना फॉर्म 29सी ऑनलाइन भरून घ्या. नुसत्या कोऱ्या फॉर्मवर सह्या करून किल्ली देऊ नका. आरसीवर नाव तुमचं असेपर्यंत अपघाताची भरपाई तुमच्या दारात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे.

विमा: ग्राहकाने 14 दिवसांत स्वतःच्या नावावर करायचा असतो. तुमचा नो क्लेम बोनस तुमचाच, गाडीचा नाही. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, तीन वर्षांत नव्या गाडीच्या विम्याला वापरता येतं. 45-50 टक्क्यांवर असाल तर बरीच रक्कम आहे ती.

पैसे: दोन लाख किंवा जास्त रोख घेऊ नका. आयकर कायद्यातला याचा दंड घेणाऱ्यावर आहे, देणाऱ्यावर नाही, आणि तो घेतलेल्या रकमेइतका.

किलोवॅट
वॉरंटी जाहिरातीत अशी लिहा: ‘बॅटरी आणि मोटर 8 वर्षं किंवा 1.6 लाख किमी, म्हणजे जून 2029 किंवा आणखी 1 लाख 8 हजार किमी, जे आधी होईल ते.’ सर्व्हिसची बिलं क्रमाने लावा, मध्ये खाडा असेल तर आधीच सांगा. आणि नव्या गाडीची ‘लाइफटाइम बॅटरी वॉरंटी’ वाचताना पहिल्या मालकापुरती आहे का हे बघा. विकल्यावर ती बहुधा ठरावीक वर्षांवर येते. पुढच्या विक्रीचा भाव तिथेच ठरतो.

पौडफाटा
घरचा 15 अँपिअरचा चार्जर सोबत द्यायचा की नवीन गाडीसाठी ठेवायचा?

मिलिव्होल्ट
द्या. गाडीसोबत आलेली वस्तू आहे, नव्या गाडीसोबत तिचा चार्जर येईलच, नाही आला तर आताच भावात धरा. चार्जरविना ईव्ही बघायला आलेला माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो. दोन्ही किल्ल्या, गनचं झाकण आणि पिशवीही शोधून ठेवा. फक्त ताबा देण्याच्या दिवशी मोबाइल अॅपमधून गाडी काढा आणि स्क्रीनवरून फोनबुक पुसा. फास्टॅगही बंद करा, नाहीतर खालापूरचा टोल तुमच्या खात्यातून कापला जाईल.