शब्दचर्चा : हक्कसोडपत्रातली ‘राजीखुशी’

प्रश्न (गुहागर) : आमच्या कलमांच्या बागेचं हक्कसोडपत्र व्हायचं आहे. मसुद्यात ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने’ असं आलंय. नुसतं ‘संमतीने’ चालणार नाही का? आत्या म्हणतात, ‘मला पैशाचा मोह नाही, लिहा काय ते.’ ही राजीखुशी झाली का?

उत्तर (मालवण) : ‘संमतीने’ही चालतं, पण जोडशब्द मोडू नये असं मला वाटतं. राजी अरबीतून आला, खुशी फारसीतून. रजा आणि मर्जी ही राजीचीच भावंडं. राजीनामा म्हटलं की आज नोकरी सोडणं आठवतं. जुन्या महसुली व्यवहारात मात्र जमीन सोडणारा राजीनामा द्यायचा आणि घेणारा कबुलायत, म्हणजे कबुलीचा कागद. म्हणजे सोडण्याशी हा शब्द आधीपासूनच बांधलेला आहे.

आता वापर पाहा. ‘ती नाइलाजाने राजी झाली’ असं आपण सहज बोलतो. ‘नाइलाजाने खुशीने दिलं’ असं कुणाच्या तोंडून येत नाही. राजी होण्यात दबाव लपू शकतो, खुशीत लपत नाही. म्हणून मला दोन्ही शब्द हवेत. 1872 च्या करार कायद्याचं कलम 14 हेच पाहतं : जबरदस्ती, गैरवाजवी दबाव, फसवणूक, चुकीची माहिती किंवा चूक यांतून आलेली संमती मुक्त धरत नाहीत.

आत्यांच्या वाक्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे इथेच घोळ होतो. मोह सुटणं ही ज्याची त्याची साधना. आहुती देताना ‘इदं न मम’, म्हणजे ‘हे माझं नाही’, असं यजमान स्वतः म्हणतो, कारण वस्तू त्याची असते. घरोघरी मात्र हा मंत्र भाऊ म्हणतो आणि वस्तू बहिणीची असते. गणपतीला माहेरी आलेली बहीण, पाटावर साडीचोळी, पलीकडे टाइप केलेला मसुदा, आणि कुणीतरी मोठं माणूस म्हणतं, ‘तुका काय कमी आसा?’ ती म्हणते, ‘माका काय नको, येवक-जावक दार तेवढां उघडां ठेवा.’ पहिला अर्धा भाग सगळे ऐकतात आणि वैराग्य म्हणून मिरवतात. दुसऱ्या अर्ध्यात माहेर तुटायची भीती आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने दिला. तो हातात आल्याशिवाय तिने सोडला असं कसं म्हणायचं?

प्रतिसाद (राजापूर) : देवापुढच्या गाऱ्हाण्यात सगळे एकसुरात ‘होय म्हाराजा’ म्हणतात. तीही संमतीच ना?

उत्तर (मालवण) : संमतीच, आणि फार सुंदर. पण तिथे गाव मिळून देवाकडे मागतो, कुणाच्या ताटातलं काही उचलत नाही. वाटणीच्या बैठकीत तोच एकसूर घातक. तिथे प्रत्येकाचा रुकार वेगळा घ्यावा, आणि गप्प बसलेल्या माणसाचा तर धरूच नये.

गुहागरकरांना एवढंच सांगेन : आत्यांना एकटं बसवून सातबारा वाचून दाखवा, बागेचा आजचा भाव सांगा, आणि ‘नाही म्हणालात तरी गणपतीला तुम्ही यायचंच’ हे आधी बोला. मग चार दिवस विषय काढू नका. त्यानंतरही त्या सोडते म्हणाल्या, तर मसुद्यातला शब्द आहे तसाच राहू द्या.