नऊ महिने संयम म्हणे! कोणाचा, आणि ठरवला कोणी?

निंबोणी: काल एका गृहस्थांनी लिहिलं, "बाईला दिवस गेले की तिची इच्छा आपोआप मावळते, निसर्गाचीच योजना ती. शहाण्या नवऱ्याने नऊ महिने लांब राहावं." खाली बदामांचा पाऊस! डोकं फिरलं म्हणून हा वेगळा धागा.

पहिले तीन महिने मला नवरा आंघोळ करून आला तरी साबणाच्या वासाने उमासे यायचे. छातीला कपड्याचा स्पर्श सहन होत नव्हता. पण पाचव्यात खाल्लेलं पोटात ठरायला लागलं आणि इच्छा अशी परतली की आधी कधी नव्हती. ओटीपोटाकडे रक्तपुरवठा वाढलेला असतो, त्याचाही हात असतो त्यात. आणि नेमके तेव्हाच आमचे नवरोबा संयमी! रोज रात्री पाठ. मी ठरवून टाकलं, या पोटासकट आपण याला नकोशा झालो. कितीतरी रात्री त्या पाठीकडे बघत रडले. हे कुठे बसतं तुमच्या योजनेत?

सरळरेषा: मीच तो गृहस्थ. ताई, पहिल्या खेपेला आमचा गर्भ तिसऱ्या महिन्यात गेला. आदल्या रात्री आम्ही जवळ आलो होतो. दुसऱ्या खेपेला हात लावायची माझी हिंमत झाली नाही. हसा खुशाल. मूल सुखरूप झालं.

कात्री: हसत नाही. पण दादा, त्या रात्रीचा दोष नव्हता हो. सुरुवातीला पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गुणसूत्रांतल्या बिघाडाने पडतात. बाळ पाणमोटेत असतं, गर्भपिशवीच्या तोंडाशी चिकट बूच असतं. हे तेव्हा तुम्हाला कोणी सांगितलं नाही, याचा मला संताप येतो. डॉक्टर नुसतं "जपून" म्हणून मोकळे.

उलटतपासणी: त्या "जपून"वर तर वेगळा धागा हवा! मी त्याचा अर्थ जिना जपून चढा असा घेतला, नवऱ्याने "अजिबात नाही" असा. भांडण झाल्यावर फाईल उघडली. आत लोहाच्या गोळ्या आणि पुढची तारीख. बस्स.

मधलीसुट्टी: मी डॉक्टरच्याच खुर्चीत बसतो, म्हणून लिहितो. वार (प्लासेंटा) खाली, पिशवीच्या तोंडाशी असेल, रक्त जात असेल, पाणी जात असेल, पिशवीच्या तोंडाला टाका असेल किंवा वेळेआधी कळांचा धोका असेल, तर आम्ही नको म्हणतो. बाकीच्यांना मुभा आहे. कोणी विचारतच नाही, त्याला आम्ही काय करणार?

कात्री: विचारायचं कधी? दार उघडं, नर्स दारात, पुढची बाई खुर्चीला टेकलेली. रक्तदाब मोजताना विचारू?

मधलीसुट्टी: घ्या, सगळं खापर डॉक्टरवरच फोडा.

निंबोणी: अहो, धागा डॉक्टरांवर नाहीये!

उलटतपासणी: आता आहे. मला २० व्या आठवड्यात वार खाली म्हणून बंदी घातली. ३२ व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत वार वर दिसली. बंदी उठली का? कोणी चकार शब्द काढला नाही. आम्ही आपले बाळंतपणापर्यंत आज्ञाधारक.

पिंपळपान: मला नऊ महिने खरंच नको होतं. इथे वाचून वाटतंय, पाचव्यात वसंत फुलला नाही म्हणजे आपण नापास. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन लैंगिकता-संशोधकांनी १९६६ साली मधल्या तीन महिन्यांत इच्छा वाढते असं मांडलं, तेच अजून सगळे घोकतायत. नंतरच्या पाहण्यांत सगळ्यांचं तसं दिसलेलं नाही, आणि शेवटच्या तीन महिन्यांत तर बहुतेकींची उतरतेच. मला फक्त कोणीतरी पाय चेपून हवे होते. पण तेवढं मागितलं तर पुढचंही गळ्यात पडेल, म्हणून तेही मागितलं नाही.

सरळरेषा: म्हणजे माझंच खरं ठरलं की!

पिंपळपान: डोंबल! मी "नको" म्हटलं म्हणून माझ्या नवऱ्याला कळलं. तुम्ही बायकोला विचारलं होतंत?

सरळरेषा: नव्हतं. आत्ता विचारून आलो. म्हणाली, "सातव्यात मधे उशी कोणी लावली होती, आठव." मीच लावली होती. झालं समाधान? "निसर्गाची योजना" तेवढं मागे घेतो. भीती खरी होती, ती मागे घेणार नाही.

निंबोणी: ती घ्या म्हणतंय कोण? तिला सांगितली असतीत तर उशी लागली नसती.

उलटतपासणी: ते सगळं ठीक. मधलीसुट्टी, बंदी उठवायची कोणी ते सांगताय ना?