डबा न उघडता
मोजणारं यंत्रच भरवशाचं नसेल तर दोन कणांची गुंतलेली क्वांटम अवस्था (entanglement, म्हणजे ज्यात दोघांचं वर्णन वेगवेगळं करता येत नाही) आणि साधी अवस्था यांतला फरक ओळखायचा कसा, असा प्रश्न नेहमी येतो. यंत्र उघडायचंच नाही! जोडीतला एकेक कण मोजणारी यंत्रं म्हणजे दोन बंद डबे समजायचे, ते लांब ठेवायचे, ऐनवेळी नाणेफेक करून प्रत्येकाच्या दोन बटणांपैकी एक दाबायचं, आलेली ०-१ उत्तरं लिहून घ्यायची. गुंतलेली जोडी नसेल तर डब्यांनी आधी कितीही संगनमत करू दे, भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांच्या कसोटीत (दोन्हीकडची उत्तरं किती जुळतात यावरून एक आकडा काढतात) सरासरी आकडा २ च्या वर जात नाही. गुंतलेली जोडी २.८२८ गाठू शकते. २०१५ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला हिऱ्यांतले इलेक्ट्रॉन १.३ किमी अंतरावर ठेवून २.४२ मिळाला, तोही अवघ्या २४५ फेऱ्यांत. उलटं मात्र खरं नाही हं: २ च्या आत राहिला म्हणजे जोडी गुंतलेली नाहीच, असं नव्हे.