मदत हवी आहे: मालदीवमध्ये भारत पुढे की चीन, हे ठरवायचं कशावरून?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयाच्या अभ्यासमंडळात पुढच्या महिन्यात भारत, चीन आणि मधल्या छोट्या देशांवर मला अर्धा तास बोलायचंय. श्रोते बहुतेक निवृत्त, रोज दोन-दोन पेपर वाचणारे. थापा चालणार नाहीत. सगळे शेजारी घेतले तर खिचडी होईल, म्हणून मालदीव मुख्य आणि जोडीला थोडी श्रीलंका असं ठरवलंय.

अडलंय ते इथे: घटनाक्रम मांडत गेलं की दर वर्षी निकाल उलटा लागतो. 'इंडिया आउट'च्या, म्हणजे भारतीय सैनिकांना परत पाठवा या मोहिमेच्या लाटेवर 2023 मध्ये मुइझ्झू राष्ट्राध्यक्ष झाले. पहिला दौरा दिल्लीला न करता तुर्कस्तानचा, जानेवारी 2024 मध्ये बीजिंग, आणि मे 2024 पर्यंत भारतीय सैनिक माघारी. आपल्या चॅनेलांनी तेव्हाच मालदीवचं श्राद्ध घालून टाकलं. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात मुइझ्झू दिल्लीत आले आणि 40 कोटी डॉलर व 3000 कोटी रुपयांच्या चलन अदलाबदलीचा करार (गंगाजळी आटली की भारताकडून चलन उचलायची सोय) पदरात पाडून गेले. जुलै 2025 मध्ये त्यांच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्धापनदिनाला प्रमुख पाहुणे मोदी, आणि वर 4850 कोटींचं कर्ज. मग बाजी मारली कोणी?

बरं, सैनिक गेले म्हणजे नेमकं काय गेलं? भारताने दिलेली दोन हेलिकॉप्टरं आणि डॉर्नियर विमान तिथेच आहेत. दूरच्या बेटावरचा पेशंट हलवायला तीच लागतात. फक्त गणवेशातली माणसं गेली आणि त्यांच्या जागी भारतातूनच नागरी तंत्रज्ञ आले. मुइझ्झूंचा निवडणुकीतला शब्द राहिला, आपलं कामही राहिलं. मला तर यात दोन्हीकडची हुशारी दिसते.

पुलांचंही तसंच. राजधानी माले ते विमानतळाचं बेट हा सिनामाले पूल चीनच्या पैशाने 2018 मध्ये झाला. तेव्हा गृहनिर्माण आणि पायाभूत सुविधा खात्याचे मंत्री हेच मुइझ्झू. मालेच्या पश्चिमेकडचा थिलामाले पूल भारताच्या पैशाने, आणि काम मुंबईच्या अफकॉन्सकडे. एकाच शहराला दोन बाजूंनी दोन देणगीदार!

मंडळातले एक काका म्हणतात, "पैसा कोणाचा जास्त ते बघ, संपलं." मला ते पटत नाही, पण दुसरा निकष सापडत नाहीये. सुचवा. मराठीत काही वाचण्यासारखं असेल तर तेही.

प्रतिसाद: बंदरकाठ

काकांना श्रीलंकेतल्या हंबनटोटा बंदराची गोष्ट सांगा. आणि तुम्हीही 'कर्ज थकलं म्हणून चीनने बंदर बळकावलं' असं बोलू नका, कोणीतरी हमखास पकडेल. 2017 मध्ये 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने चायना मर्चंट्स या चिनी कंपनीला बंदर दिलं, त्याचे 112 कोटी डॉलर आले ते परकीय गंगाजळीत गेले. बंदरासाठी काढलेलं कर्ज श्रीलंकेच्याच डोक्यावर राहिलं. आता पुढचं बघा. 2022 मध्ये देश डबघाईला आला तेव्हा भारताने सुमारे 400 कोटी डॉलरची मदत केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, आपला आक्षेप असताना, चीनचं युआन वांग 5 हे उपग्रह-क्षेपणास्त्रांचा माग घेणारं जहाज हंबनटोटाला लागलंच. पैसे मोजले की ऐकतात, हे काही खरं नाही.

प्रतिसाद: उंटावरचा

मी जहाजंच मोजेन. 2024 साली श्रीलंकेने परदेशी संशोधन जहाजांना वर्षभर बंदी केली. सगळ्यांनाच, म्हणजे कोणाचं नाव घ्यायला नको. मग चीनचं शियांग यांग होंग 3 गेलं कुठे? फेब्रुवारीत मालेला. संशोधन करणार नाही, फक्त थांबेल, असं मालदीवने सांगितलं. भाषणं सोडा, कोणाला, कधी, कोणत्या शब्दांत नकार दिला ते टिपून ठेवा.

धागाकर्ता

वा, हे चालेल! नकारांचा तक्ताच करतो. यात नेपाळचीही भर घालता येईल: 2015 मध्ये भारत-नेपाळ सीमेवर झालेल्या नाकेबंदीनंतर तेव्हाचे पंतप्रधान ओलींनी 2016 मध्ये चीनशी वाहतूक करार केला, पण आजही माल मुख्यतः आपल्याच बंदरांतून जातो. आणि तिथल्या चिनी हात लागलेल्या प्रकल्पांची वीज आपण घेत नाही, म्हणजे नकार मोठ्यांकडूनही येतो. मालेत नोकरी केलेलं इथे कोणी आहे का? तिथल्या बाजारात या सगळ्याबद्दल लोक काय बोलतात, ते ऐकायचंय.