निकालाच्या नकलेवर अपिलाची शेवटची तारीख न्यायालयानेच लिहून द्यावी का?

कसब्यातला पक्षकार

आमच्या वाड्याच्या वाटपाच्या दाव्याचा निकाल पुण्यातील एका दिवाणी न्यायालयात १८ एप्रिल रोजी आमच्या विरोधात लागला. जिल्हा न्यायालयात अपील करण्यास हुकूमनाम्याच्या, म्हणजे निकालावरून निघणाऱ्या औपचारिक आदेशाच्या, तारखेपासून (ती निकालाचीच तारीख असते) ३० दिवस मिळतात, हे वडिलांना ठाऊक होते. नकलेसाठी २२ एप्रिलला अर्ज केला आणि २७ तारखेला नक्कल तयार झाली. ते सहा दिवस वजा होतात, हेही कळले होते. चूक झाली ती पुढे. मे महिन्यात न्यायालयाला उन्हाळी सुट्टी लागली आणि सुट्टीचे सगळेच दिवस मुदतीतून वजा होतात, अशी घरातल्या सर्वांची ठाम समजूत होती. प्रत्यक्षात मुदत कायदा, १९६३ च्या कलम ४ ने दिलेली सवलत फार लहान आहे: मुदतीचा शेवटचा दिवस सुट्टीत आला, तर न्यायालय उघडेल त्याच दिवशी अपील दाखल करावे लागते. आमचा शेवटचा दिवस २४ मे होता. आम्ही न्यायालय उघडल्यानंतर नवव्या दिवशी गेलो. मग विलंब माफीचा अर्ज, त्यावर समोरच्यांचे म्हणणे आणि तारखांमागून तारखा. यात १४ महिने गेले आणि तोवर मूळ वादावर कोणी एक शब्दही बोललेले नव्हते.

माझे म्हणणे असे की, निकालाच्या नकलेवरच अपील कोठे करायचे आणि कोणत्या तारखेपर्यंत करायचे, हे न्यायालयाने लिहावे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ७(८) नुसार अर्ज फेटाळताना कारणे, अपिलाची मुदत आणि अपिलीय प्राधिकारी ही माहिती अर्जदाराला कळवणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. जे एका कार्यालयाला करावे लागते, ते न्यायालयाने का करू नये? शिवाय मुदत कायद्याचे कलम ३ सांगते की, समोरच्या पक्षाने हरकत घेतली नाही तरी मुदतबाह्य प्रकरण न्यायालयाने फेटाळलेच पाहिजे. म्हणजे दिवस मोजण्याचे काम न्यायालयाला पुढे करावेच लागते. ते आधी करून सांगितले, तर कोणाचे काय बिघडेल?

नव्या पेठेतील वकील

आपल्या घराला झालेला त्रास मी समजू शकतो. अशी प्रकरणे माझ्याकडे दर जूनमध्ये येतात. तरीही आपल्या सूचनेला माझा विरोध आहे. माहिती अधिकाऱ्याला मुदत कळवावी लागते, नेमकी तारीख काढून द्यावी लागत नाही, आणि फरक नेमका इथेच आहे. निकालाच्या दिवशी तारीख ठरतच नाही. निकालाचा दिवस मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे सोडायचा, नकलेला लागलेला वेळ सोडायचा, आणि कोणी चुकीच्या न्यायालयात प्रामाणिकपणे दाद मागत राहिला असेल, तर कलम १४ चा विचार करायचा. यातल्या कितीतरी गोष्टी पक्षकाराच्या पुढच्या वागण्यावर अवलंबून असतात.

प्रत्येक कायद्याची मोजणीही निराळी आहे. लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली लवादाचा निवाडा (लवादाने दिलेला निर्णय) न्यायालयाकडून रद्द करून मागायला तीन महिने आहेत, ९० दिवस नाहीत. निवाडा १ जुलैला हाती पडला, तर तीन महिने १ ऑक्टोबरला संपतात, ९० दिवस मात्र २९ सप्टेंबरलाच भरतात. त्यापुढे न्यायालय फार तर ३० दिवस देऊ शकते, आणि ते वाढीव दिवस सुट्टीत संपले तर मुदत कायद्याच्या कलम ४ ची सवलत मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितले व २०२५ मध्ये पुन्हा अधोरेखित केले. नक्कल विभागातल्या कर्मचाऱ्याने चुकून २४ ऐवजी २६ मे लिहिले, तर हरलेला पक्षकार त्या कागदावर विसंबेल, जिंकलेला त्याला आव्हान देईल, आणि मूळ दाव्याशेजारी दुसरा वाद उभा राहील.

कसब्यातला पक्षकार

वकीलसाहेब, आपण दिलेली उदाहरणे मला माझ्याच बाजूची वाटतात. आरोपपत्र वेळेत न आल्यास आरोपीला मिळणाऱ्या जामिनासाठी ६० किंवा ९० दिवस मोजताना कोठडीचा पहिला दिवस धरायचा की सोडायचा, हे ठरवायला २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांना बसावे लागले, आणि दिवाणी बाजूच्या सवयीच्या उलट त्यांनी तो दिवस धरला. एका दिवसासाठी जर एवढा विचार लागतो, तर पेठेतल्या सामान्य माणसाने घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून तो कसा मोजायचा?

हडपसरहून

या चर्चेत दावा जिंकलेल्या माणसाचा विचार अजून कोणी केलेला नाही, म्हणून लिहिते. आमच्या बाजूने हुकूमनामा झाला आणि मुदत संपल्यावर आम्ही निर्धास्त झालो. वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर समोरच्यांनी आजारपणाचे कारण देऊन विलंब माफी मागितली आणि थोडा खर्च भरण्याच्या अटीवर त्यांना ती मिळालीही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८७ च्या कातिजी निकालापासून विलंब माफीसाठी लागणारे ‘पुरेसे कारण’ उदारपणे पाहावे, असे सांगितले जाते. ते उदारपण कोणाच्या तरी शांत झोपेतून वसूल होते. नकलेवर तारीख लिहायचीच असेल, तर ती लिहून दिल्यानंतर ‘मोजण्यात चूक झाली’ हे कारण ऐकून घेऊ नये, असेही ठरवा.

निवृत्त न्यायालयीन कर्मचारी

मी नक्कल विभागात अनेक वर्षे काम केले आहे. नकलेवर अर्जाची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख आणि ती दिल्याची तारीख असते. लोक तिसरी तारीख धरून बसतात. नक्कल तयार असूनही न नेल्यामुळे गेलेले दिवस वजा होत नाहीत, कारण कलम १२ फक्त नक्कल मिळण्यास आवश्यक तेवढाच वेळ सोडते. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणाप्रमाणे, नकलेचा अर्ज करण्यापूर्वी हुकूमनामा तयार होण्यात गेलेला वेळही सुटत नाही. त्यामुळे ‘हुकूमनामा झाला की अर्ज करू’ म्हणणारे सर्वाधिक नुकसान सोसतात. अपिलाची अखेरची तारीख लिहिण्याची जबाबदारी कर्मचाऱ्यावर टाकू नये, हे वकीलसाहेबांचे म्हणणे मला पटते. परंतु नकलेसाठी किती दिवस वजा होतात, हा आकडा आमच्याच नोंदीतून निघतो, आणि तो त्या तीन तारखांशेजारी लिहिणे अवघड नाही. त्याखाली ‘सुट्टीचे दिवस वजा होत नाहीत, शेवटचा दिवस सुट्टीत आल्यास न्यायालय उघडेल त्याच दिवशी दाखल करावे’ हे एक वाक्य छापले असते, तर कसब्यातल्या या घराचे १४ महिने वाचले असते.

नव्या पेठेतील वकील

वजा होणाऱ्या दिवसांचा आकडा आणि सुट्टीविषयीचे वाक्य छापण्यास माझी हरकत नाही. निकालाच्या शेवटी अपिलाचे न्यायालय आणि मुदतीचे दिवस लिहिण्यासही नाही. ‘शेवटची तारीख’ हे शब्द मात्र त्या कागदावर कोठेही नकोत, आणि हडपसरच्या ताईंची अटही मला मान्य नाही, कारण मराठी वाचता न येणारा पक्षकारही याच शहरात दावा लढतो.