मदत हवी आहे: मालवणी जेवणातलं खोबरं कमी कसं करू?

नमस्कार मंडळी,

सासऱ्यांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलंय. गोळी सुरू झाली आणि डॉक्टरांनी तूप, खोबरं हात राखून वापरायला सांगितलं. तूप सुटलं, खोबरं सुटेना. घर मालवणी, माशाच्या आमटीला अख्खी कवड (अर्धा नारळ) लागते.

"नारळ झाडाचा, त्यात कसलं आलंय कोलेस्टेरॉल?" हा त्यांचा मुद्दा. नसतंच, मान्य. पण १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण ३३ ग्रॅम फॅट, त्यातलं ३०च्या आसपास सॅच्युरेटेड, आणि एलडीएल चढतं ते त्यानं. ९ ग्रॅम तंतूही असतात, पण रस काढला की ते चोथ्याबरोबर जातात.

काळ्या वाटाण्याचं सांबारं, माशाची आमटी आणि सोलकढी, या तिघांचं काय करू? दाण्याचं कूट कृपया सुचवू नका. सासऱ्यांनी एक घास घेतला, आमटीची वाटी बाजूला सारली आणि भातावर ताक ओतलं. सुकं खोबरं कमी लागतं म्हणतात, ते वापरू का?

प्रतिसाद १
ताई, सुक्याच्या नादी लागू नका. पाणी उडालेलं असतं, त्यामुळे १०० ग्रॅमला ६४-६५ ग्रॅम फॅट भरतं. काटछाट भाजलेल्या वाटपात करा, तिथे खपून जाते. कांदा दुप्पट घ्या, उभा चिरून चांगला काळपट होईतो भाजा. खोबरं निम्मं, तेही बिनतेलाचं मंद आचेवर. दाटपणासाठी मूठभर शिजलेले वाटाणेच वाटपात वाटा.

माशाच्या आमटीचं वाटप कच्चं, तिथे खोबरं कमी केलं की लगेच कळतं. ती आठवड्यातून एकदाच, पण नीट करा. एरवी बांगड्याचं तिखलं. मिरची, हळद, तिरफळं, आमसुलं. खोबरं नसलं तरी कुणी विचारणार नाही.

प्रतिसाद २
सोलकढीसाठी जाड रस वापरू नका, दुसऱ्या पाण्याचा घ्या. तो आगळ (कोकमाचा रस) घालायच्या आधी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. वर घट्ट साय धरते, ती चमच्यानं उचलून टाका. मग लसूण, हिरवी मिरची जरा चढी घाला म्हणजे पातळपणा जाणवत नाही. गरम मात्र करू नका, फुटते. चोथा कोरडा परतून लसणाच्या चटणीत जातो, पण त्यातही फॅट उरतंच, तेव्हा चमचाभरच.

धागाकर्ती
दोघांचे आभार! वाटाणे वाटून टाकायचं डोक्यातच आलं नव्हतं. उद्या तिखलं करते. तिरफळं सुकी आहेत, चालतील ना?

प्रतिसाद १
सुकीच वापरतात एरवी. आतलं काळं बी काढून टाका, कडवट लागतं. ठेचून पाण्यात भिजवा आणि पाण्यासकट घाला.